टॅलीत ६,६४० किलो, मोजल्यावर ५,६३० : ईएन ८ बारचा हिशेब जुळत नाही

स्टोअर_भोसरी (प्रश्न)

मंडळी, एका अडचणीत मदत हवी आहे. भोसरीतलं टर्निंगचं युनिट आहे. १० सीएनसी आणि एक ऑटोमॅटिक बँडसॉ (पट्ट्याची करवत). चालणारा पार्ट मुख्यतः एकच आहे. ४० मिमी ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) काळ्या बारमधून शाफ्ट, तयार लांबी ८२ मिमी, तयार वजन ६१० ग्रॅम, महिन्याला २०,००० नग. बार ६ मीटर लांबीला कापूनच येतो. शाफ्ट बाहेर इंडक्शन हार्डनिंगला (विजेने तापवून पृष्ठभाग कडक करायला) जातो.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बीओएम (एका नगाला लागणाऱ्या मालाची यादी) लावली आहे : एका नगाला ०.८३० किलो. रोजचे ओके नग मॅन्युफॅक्चरिंग जर्नलला टाकले की तेवढे किलो आपोआप वजा होतात. महिन्याच्या सुरुवातीला सगळा माल काट्यावर घेऊन ओपनिंग टाकलं होतं. काल गुरुवारची सुट्टी होती म्हणून निवांत मोजणी केली. रॅकवर ९५ बार निघाले. एका बारचे ५९.२६ किलो धरले तर ५,६३० किलो होतात. टॅली ६,६४० दाखवते. म्हणजे १,०१० किलो कमी. कापलेले तुकडे शिल्लक नव्हते, सगळे मशीनवर संपवूनच मोजणी केली.

मालक म्हणतात, एक टन लोखंड पाय फुटून जात नाही, गेटवर लक्ष ठेवा. स्टोअरच्या माणसांवर संशय घ्यायची इच्छा नाही, पण उत्तरही हातात नाही. शिवाय टॅलीतल्या आकड्यावर ऑर्डर सोडतो, त्यामुळे बार संपून मशीन उभी राहण्याची वेळ येते. सुरुवात कुठून करावी?

---

करवतीचा_हिशेब

गेटवर जाण्याआधी बँडसॉपाशी जा. यातला निम्म्याहून जास्त फरक तिथेच सापडेल.

०.८३० हा आकडा कुठून आला ते पाहू. गोल बारचं वजन काढायचं तर व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे ४० मिमीला १६०० ÷ १६२ = ९.८७७ किलो प्रति मीटर. तुमचा तुकडा फेसिंगसकट (टोकं सपाट करायला सोडलेल्या मालासकट) ८४ मिमीचा असणार, त्याचे बरोबर ८३० ग्रॅम होतात. म्हणजे बीओएममध्ये तुकड्याचं वजन टाकलं आहे. बार मात्र त्याहून जास्त खातो.

ब्लेड ३४ × १.१ मिमीचं असलं तरी दात दोन्ही अंगांना वळवलेले असतात, त्यामुळे काप दीड ते दोन मिमीचा पडतो. दोन धरा. मग ८४ अधिक २ म्हणजे ८६ मिमी दर नगाला. ६००० ला ८६ ने भागलं की ६९ नग आणि ६६ मिमी शिल्लक. त्यातले १० मिमी पुढचं वाकडं टोक साफ करण्यात जातात, ५६ मिमीचं टोक भंगारात. एका बारमधून नग मिळतात ६९ आणि बार संपतो अख्खा ५९.२६ किलोचा. ५९.२६ ÷ ६९ = ०.८५९. तुम्ही वजा करता ०.८३०. नगामागे २९ ग्रॅम. २०,००० नगांवर जवळजवळ ५७७ किलो.

हे ५७७ किलो कुणी नेलेले नाहीत. कापाचा बुरा करवतीच्या ट्रेमध्ये आहे आणि टोकं भंगाराच्या ढिगात.

दोन गोष्टी आजच पाहून घ्या. पहिली, बार खरोखर ६ मीटर आहे का. १० मिमी टोक साफ करून ६९ नग काढायला कमीत कमी ५९४२ मिमी लागतात. त्याखाली गेला की ६८. बंडलमधले पाच बार टेपने मोजा. दुसरी, ऑटो मोडमध्ये फीडच्या वाइसला शेवटचं आखूड टोक धरता येत नाही. ऑपरेटर तिथे हाताने एक काप घेतो का टोक तसंच फेकतो, हे उभं राहून बघा. फेकत असेल तर ६८ धरून ०.८७१ लावा. कागदावर ६९ आणि जागेवर ६८ असेल तर हिशेब आयुष्यभर जुळणार नाही.

ब्लेडकडेही लक्ष असू द्या. दात बोथट झाले की काप तिरका जातो, फेसिंगला माल पुरत नाही, आणि ऑपरेटर गुपचूप ८४ चे ८५ करतो. ८७ ने भागलं की ६९ ऐवजी ६८ नग मिळतात. स्टॉपरवर ८४ ची खूण करा आणि दर शिफ्टला पहिला तुकडा मोजून कटिंग रिपोर्टवर लिहायला लावा.

---

काटा_आणि_व्हर्निअर

वरचा हिशेब बरोबर आहे, पण एक टोक सुटलं आहे. ५९.२६ हे पुस्तकी वजन आहे. काळा रोल्ड बार ४० मिमी म्हणून येतो, तो नेमका ४० कधीच नसतो. व्हर्निअर लावा, वेगवेगळ्या बंडलमधले दहा बार, दोन दिशांनी. ४०.२ निघाला तर वर्गामुळे वजन एक टक्का वाढतं, बार ५९.८५ किलोचा होतो. ४०.४ निघाला तर दोन टक्के.

बिल वजनकाट्यावर होतं, म्हणजे टॅलीत माल येतो खऱ्या वजनाने. खर्च पडतो पुस्तकी वजनाने. आणि यावेळची मोजणीही तुम्ही बार मोजून पुस्तकी वजनाने गुणली. ओपनिंग मात्र काट्यावर घेतलं होतं. एकाच खात्यात दोन वेगळी मापं आली की फरक पडणारच.

४०.२ धरलं तर महिन्याच्या साधारण २९० बारवर १७१ किलो जास्त खर्च होतात आणि रॅकवरच्या ९५ बारवर ५६ किलो कमी दिसतात. हे २२७ किलो वरच्या ५७७ मध्ये मिळवा, ८०४ झाले.

काट्याबद्दलही सांगतो. वजनमाप खात्याचा शिक्का वर्षाला नवा करून घ्यायचा असतो, ते काटेकोर पाळा. शिक्का असला तरी रोज सकाळी २० किलोचं ठरलेलं वजन ठेवून पाहा, चारही कोपऱ्यांवर. एका कोपऱ्यावर वेगळं दाखवत असेल तर खालचा लोडसेल (वजन जाणणारा भाग) गेला किंवा प्लॅटफॉर्मखाली बर (टर्निंगमध्ये निघणारा लोखंडाचा कीस) अडकली. टर्निंगच्या शॉपमध्ये दुसरं कारण जास्त घडतं, म्हणून प्लॅटफॉर्म दर आठवड्याला उचलून खालून साफ करा.

वजनावरून नग मोजत असाल तर काट्याचा लघुतम अंक बघून ठरवा. ५० ग्रॅमच्या टप्प्याचा काटा ६१० ग्रॅमच्या शाफ्टला चालतो. तोच काटा ४ ग्रॅमच्या पिनला लावला तर एका टप्प्यातच १२ नगांची चूक लपते.

---

स्टोअर_भोसरी

दोघांचे मनापासून आभार. लगेच मोजलं. बार ४०.१५ ते ४०.२५ च्या दरम्यान आहेत, लांबी ५९९५ च्या वर, ऑपरेटर हाताने काप घेऊन ६९ काढतो. लाल बिनमध्ये रिजेक्ट आणि सेटिंगचे (मशीन जुळवताना वाया गेलेले) मिळून २१५ नग आहेत. ते टॅलीत कुठेच लागलेले नाहीत, कारण आम्ही फक्त ओके नग टाकतो.

---

चाकण_पीपीसी

मग गाठ सुटली. २१५ नग गुणिले ०.८६७ म्हणजे १८६ किलो. ८०४ अधिक १८६, ९९० झाले. उरलेले २० किलो एवढ्या मालात काट्याच्या आणि मोजमापाच्या चुकीत बसतात, त्यांच्या मागे लागू नका. स्टोअरच्या माणसांना हे कागदावर मांडून दाखवा आणि मालकांनाही. संशय तसाच राहिला तर चांगला स्टोअरकीपर सोडून जातो, आणि तो गेला की आणखी गोंधळ होतो.

आता पुढची घडी बसवा. टॅलीत खर्च ओके नगांवर टाकणं बंद करा. खर्च कापलेल्या नगांवर, ०.८६७ ने. ओके, रिजेक्ट आणि सेटिंग हे तिन्ही आकडे वेगळे लिहिले गेले पाहिजेत, आणि तिघांची बेरीज कटिंग रिपोर्टशी त्याच दिवशी जुळली पाहिजे. महिन्याच्या शेवटी जुळवायला बसलात तर कुठल्या शिफ्टला काय झालं ते कुणालाच आठवत नाही. बीओएममध्ये स्क्रॅपची ओळ टाकण्याची सोय टॅलीत आहे, तीही वापरा.

कटिंग रिपोर्ट साधा ठेवा. किती बार उचलले, किती नग पडले, किती टोकं उरली, हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) कुठला, एवढंच. बार गुणिले ६९ आणि पडलेले नग यांत दोनपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच शिफ्टच्या सुपरवायझरने कारण लिहून सही करायची.

ऑर्डरचं बोलू, कारण मशीन उभी राहते ती त्यामुळे. २०,२१५ नग म्हणजे २९३ बार, २६ दिवसांनी भागले तर दिवसाला ११.३. माल यायला ७ दिवस लागत असतील तर ७९ बार तेवढ्यात संपतात. त्यावर ३ दिवसांचा राखीव साठा, ३४ बार. एकूण ११३. म्हणजे रॅकवर ११३ बार राहिले की ऑर्डर गेली पाहिजे. तुमच्याकडे आज ९५ आहेत आणि टॅलीचे ६,६४० किलो म्हणजे ११२ बार वाटतात, म्हणून ऑर्डर आत्ता कुठे सुचतेय. दीड दिवस उशीर झाला आहे, आज फोन करा. पुरवठादाराला खरोखर किती दिवस लागतात ते मागच्या दहा बिलांवरून काढा, त्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. दिवाळीच्या आधी-नंतर ट्रक मिळत नाहीत, तेव्हा राखीव साठा दुप्पट करा.

आणि हा इशारा कॉम्प्युटरवर अवलंबून ठेवू नका, रॅकलाच बोलू द्या. आडव्या रॅकचे खण असे आखा की एका खणात २० बार बसतील, म्हणजे १,२०० किलो. रॅक बनवणाऱ्याला हे वजन आधी सांगा, बाहूंना वाक आला की बार घसरून अपघात होतो. खालून सहा खणांना पिवळा पट्टा मारा. माल नेहमी वरच्या खणातून काढायचा. पिवळ्या पट्ट्याच्या खणाला हात लागला की स्टोअरचा माणूस त्या खणाला लावलेलं ऑर्डरचं कार्ड काढून खरेदीच्या टेबलावर ठेवतो. त्याला टॅली उघडायचीही गरज नाही. फक्त जुना माल तळाला कुजू नये म्हणून नवं बंडल आलं की दोन रॅक आलटून पालटून वापरा.

---

हीट_नंबर

रॅकचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची विनंती. बारच्या एका टोकाला ग्रेडचा रंग आणि हीट नंबर असतो. कापायला सुरुवात नेहमी दुसऱ्या, कोऱ्या टोकाकडून करा. रंगाचं टोक आधी कापलं गेलं आणि अर्धा बार रॅकवर परत आला की तो अनाथ झाला. त्याच्या शेजारी ईएन ९ चा अर्धा बार पडला असेल तर डोळ्यांनी कुणालाच ओळखता येत नाही. ईएन ८ मध्ये कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के, ईएन ९ मध्ये ०.५० ते ०.६०. टर्निंगला फरक फारसा जाणवत नाही. इंडक्शनला ईएन ८ ची सेटिंग असते, त्यात ईएन ९ गेला की पाणी पडताच चीर जाते, तीही कधी कधी केसाएवढी, जी मॅग्नाफ्लक्सशिवाय (चुंबकाने चीर शोधण्याची तपासणी) दिसत नाही. तो शाफ्ट पुढे कुठल्या गाडीत बसणार आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. रंग गेलेला बार सापडला तर तो लाल खणात, आणि स्पेक्ट्रो (धातूतले घटक मोजणारी चाचणी) करूनच बाहेर.

---

चलन_बुक

इंडक्शनला जाणाऱ्या मालावर कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. चलनावर नग आणि किलो दोन्ही लिहा, परत येताना दोन्ही तपासा. फक्त किलोवर घेतलं तर १०० नगांच्या ६१ किलोत एखादा शाफ्ट कमी आला तरी क्रेटच्या वजनात लपून जातो. रिकाम्या क्रेटचं वजन क्रेटवरच रंगवून ठेवा.

सीजीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट माल वर्षभरात परत आला पाहिजे, नाहीतर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. आयटीसी ०४ हा जॉबवर्कच्या मालाचा फॉर्म ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहामाही, खाली असेल तर वार्षिक. जॉबवर्करकडे रिजेक्ट म्हणून पडलेले नग इथेच अडकतात. चिरलेला शाफ्टसुद्धा चलन नंबरसकट परत मागवा.

---

करवतीचा_हिशेब

पुढच्या महिन्यापासून भंगारावरून उलटी तपासणी करा, ती सगळ्यात भरवशाची. २९३ बार गुणिले ५९.८५ म्हणजे १७,५३६ किलो आत गेले. २०,००० ओके नग गुणिले ०.६१० म्हणजे १२,२०० किलो बाहेर गेले. राहिलेले ५,३३६ किलो बर, बुरा, टोकं आणि रिजेक्ट या रूपात भंगारात असलेच पाहिजेत. नुसती टोकं १६० किलोच्या पुढे भरतील, ती वेगळ्या ड्रममध्ये टाका. जाड तुकड्याला टर्निंगच्या बरीपेक्षा चांगला भाव मिळतो, आणि ड्रम मोजला की किती बार कापले त्याची साक्षही मिळते.

बर ओली असताना मोजू नका. कूलंट धरून ठेवल्यामुळे वजन फुगतं आणि खरी तूट झाकली जाते. जाळीच्या ट्रेवर रात्रभर निथळू द्या, खाली टाकी लावून कूलंट गाळून परत घ्या. निथळून मोजल्यावर भंगार ५,२०० ते ५,३५० च्या आसपास आलं तर शॉप स्वच्छ आहे. ४,८०० आलं तरच गेटचं रजिस्टर उघडा.