मदत हवी आहे: तैलरंगातल्या म्हशीचा काळा रंग वाळल्यावर मेल्यासारखा दिसतो

नमस्कार मंडळी,

आमच्या घरच्या पंढरपुरी म्हशीचं चित्र काढतेय, १६ बाय २० इंच कॅनव्हासवर. खांद्याच्या मागे जाणारी ती लांब शिंगं मनासारखी उतरली आहेत. अडलंय ते कातडीपाशी.

ट्यूबमधला काळा मी वापरलेला नाही. अल्ट्रामरिन ब्लू आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून काळा केला. ओला असताना इतका खोल दिसत होता की हात लावावासा वाटावा! आठवड्याने वाळला आणि पोटाकडचा भाग राखाडी, खडूसारखा झाला. पाठीवर थोडं जवस तेल जास्त पडलं होतं, तिथे मात्र चमक टिकली आहे. कॅनव्हास तयार प्रायमर (रंगाखालचं अस्तर) लावलेला, दुकानातला. तो तेल शोषतोय की अंबरचाच हा स्वभाव?

जवस तेलाचा पातळ हात देऊन लगेच पुसून घ्यावा, असं ऐकलंय. तुमच्यापैकी कुणी केलंय का? पुढे पिवळेपणा येतो का? वॉर्निशला अजून सहा महिने तरी थांबायचंय, आणि तोवर मला पुढचे थर द्यायचेत.

दुसरं, न्हालेल्या म्हशीच्या पाठीवर आभाळाचा निळा उजेड पडतो. मी त्यात टिटॅनियम व्हाइट घातला की ती प्लास्टिकची दिसते. हापूस रंगवताना हा त्रास झाला नव्हता, तिथे उजळ भागात पिवळाच वाढवला होता. काळ्यावर उजेड कसा चढवता?

म्हैस आता म्हातारी झालीये, म्हणून हे चित्र नीट व्हावं असं फार वाटतं.