१९६९चं आंतर-संसदीय परिषदेचं तिकीट

'नुसती इमारत आणि पृथ्वीचा गोल, यात विशेष काय?' असं कुणीतरी या तिकिटाबद्दल म्हटलंय. मला ते पटत नाही. ३० ऑक्टोबर १९६९चं हे २० पैशांचं तिकीट ५७व्या आंतर-संसदीय परिषदेचं. ती परिषद नवी दिल्लीत भरली होती, आणि तिकिटावरची इमारत म्हणजे तिथलंच तेव्हाचं संसद भवन. १९२७ साली ब्रिटिश राजवटीत उघडलेल्या त्या वास्तूत स्वतंत्र भारत आता यजमान म्हणून जगभरच्या लोकप्रतिनिधींचं स्वागत करत होता. मला तरी हे चित्र फार मोलाचं वाटतं.

ही परिषद भरवणारी संघटना म्हणजे आंतर-संसदीय संघ, देशोदेशीच्या संसदांची संघटना. ती १८८९ची, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाच्याही (लीग ऑफ नेशन्स) आधीची. देशादेशांतले तंटे युद्धाऐवजी लवादाने सुटावेत, या ध्यासातून फ्रान्सचे फ्रेदेरिक पासी आणि ब्रिटनचे विल्यम रँडल क्रेमर या संसद सदस्यांनी ती उभी केली. पुढे दोघांनाही शांततेचं नोबेल मिळालं. पासींना तर पहिल्याच वर्षी, १९०१ला, रेडक्रॉसचे संस्थापक आंरी द्युनां यांच्यासोबत.

आणि हो, तिकीट छापलंय आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये! १९९३च्या दिल्ली परिषदेचंही तिकीट निघालं होतं. संग्रहात दोन्ही शेजारी लावा.