'जिओकॅशिंग'ला मराठीत काय म्हणायचं? गुप्तधन, पेव, ठेवा की नुसता डबा?

पायवाट

परवा फोनवर माझी नऊ वर्षांची लेक तिच्या आजीला म्हणाली, "आजी, आम्ही जिओकॅशिंगला गेलो होतो." पलीकडे दोन क्षण शांतता. मग आई म्हणाली, "अगं बाई, तिकडेही जिओ आलं का? मग रिचार्जवर कॅश परत मिळते की नाही?"

हसून झालं, पण नीट सांगायला गेले तर मीच अडखळले. "खजिना शोधायचा खेळ" म्हटलं, तर आईला वाटलं वाढदिवसाला घरात चिठ्ठ्या लपवतात तसं काहीतरी. तसं नाही. कुणीतरी रानात, बागेत नाहीतर पुलाच्या कठड्याखाली एक डबा दडवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. बाकीच्यांनी मोबाइल किंवा जीपीएस घेऊन तिथवर जायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून द्यायचा. आत मोहरा वगैरे नसतात. आम्हाला मिळालेल्या डब्यात एक चाक निखळलेली मोटार, दोन गोट्या, कुठलंसं परदेशी नाणं आणि दमट झालेली वही होती. पेन्सिल होती, पण टोक मोडलेली.

आम्ही राहतो ओरेगॉनमध्ये, आणि हा खेळ इथलाच. जीपीएसच्या नागरी संकेतांत अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. मे २००० च्या पहिल्या-दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री ही भेसळ बंद झाली. ३ मेला डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीकपाशी एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. अट एवढीच: काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा. तेव्हा या प्रकाराला 'स्टॅश हंट' म्हणत. पण 'स्टॅश' म्हटलं की चोरून ठेवलेला माल, त्यातही गर्द-गांजा डोळ्यांपुढे येतो. म्हणून त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी 'जिओकॅशिंग' सुचवलं. 'जिओ' म्हणजे ग्रीकमधली पृथ्वी. 'कॅश' फ्रेंचमधल्या 'लपवणे' या क्रियापदावरून. (उच्चार कॅशच. ब्राउझरचं 'कॅशे क्लिअर कर' म्हणतो तोच हा शब्द, आपण त्याला उगाच मात्रा लावली.)

म्हणजे इंग्रजीतही पहिला शब्द बदनाम निघाला म्हणून दुसरा शोधला गेला. आपल्याकडे काय म्हणावं?

शेंगदाणा

गुप्तधन. अर्थ बरोब्बर, शब्द तयार. सुटला प्रश्न.

आजीचा बटवा

शेंगदाण्या, वर्तमानपत्र वाचतोस ना? 'गुप्तधनासाठी' एवढा शब्द मथळ्यात दिसला की पुढे मांत्रिक, खणलेला खड्डा, लिंबू-हळदकुंकू आणि पोलीस आलेच. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, त्याच्या अनुसूचीतही गुप्तधनाच्या नावाखाली होणारी अघोरी कृत्यं आहेत. उद्या पायवाटताईंच्या आई शेजारी सांगतील, "आमची नात गुप्तधन शोधायला जाते." नको गं बाई.

शब्द मुळात वाईट नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात दृष्टान्त आहे: डोळ्यांत अंजन पडलं की नजरेला फाटे फुटतात आणि पाहावं तिथे 'महानिधी' दिसू लागतो. पायाळू माणसाला, म्हणजे पायांकडून जन्मलेल्याला, अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, ही समजूत तर माझ्या लहानपणापर्यंत होती. आमच्या वाड्यात एक पायाळू काका होते. कुणाची बुगडी हरवली तरी आधी त्यांना हाक मारायचे. त्यांना स्वतःचा चष्मा कधी सापडला नाही.

जीपीएस म्हणजे तुमचं अंजनच झालं म्हणा. पण 'निधी' आता पार निवडणूक निधी, भविष्य निर्वाह निधी असा हिशेबाच्या वहीत जाऊन बसलाय. 'निधान' अजून जरा शिल्लक आहे, पण नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडी?

कलमदान

काकूंनी निधी काढलाच म्हणून सांगतो. १८७८ चा एक कायदा आहे, त्याला म्हणतात 'निखात निधी' अधिनियम. निखात म्हणजे खणून पुरलेला, 'खनन'मधलाच खन्. त्या कायद्याने जमिनीत दडलेली, काहीही किंमत असलेली वस्तू म्हणजे निधी. सापडलेल्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर कलेक्टरला कळवायचं. चाक निखळलेल्या मोटारीला दहा रुपयेही कुणी देणार नाही, तेव्हा पायवाटताई सुटल्या.

शब्दाच्या बाजूने मुद्दा असा, की निखात इथे चालणार नाही. या खेळात डबा पुरायला मनाई आहे ना?

पायवाट

हो, आहे. डबा ठेवायला किंवा काढायला जमीन खणायची नाही. ढोलीत, मुळांच्या बेचक्यात, दगडाआड ठेवायचा, वरून पालापाचोळा. गंमत म्हणजे अल्मर यांची ती पहिली बादली बरीचशी जमिनीत गाडलेली होती. नियम मागाहून आले.

सांगलीचा

मग माझा शब्द ऐका. पेव.

तो फ्रेंच शब्द कुठून आला ते पाहा. उत्तर अमेरिकेत कातड्यांचा व्यापार करणारे फ्रेंच भाषक फासेपारधी परतीच्या वाटेवर लागणारी शिधासामग्री खड्ड्यात झाकून ठेवत, तो 'कॅश'. आपल्याकडे धान्य जमिनीखाली साठवायचं ते पेव. वर तोंड एवढंसं आणि पोट मोठं. आमच्या सांगलीशेजारी हरिपूरला हळदीची पेवं होती. हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची, किडा लागत नसे. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि त्यांची फार नासाडी झाली. लहानपणी आजोबांबरोबर एक उघडताना पाहिलंय. वरची माती सारली, झाकण काढलं, पण आत कुणी उतरेना. मी विचारलं, "का थांबलाय?" तर म्हणाले, "हवा खेळू दे. आत जाईल तो परत येणार नाही." तोंडातून जो उग्र, उबट वास आला तो अजून नाकात आहे.

आता 'पेव' फक्त 'फुटतं'. क्लासेसचं पेव, इंग्रजी शाळांचं पेव. पेव म्हणजे काय हे निम्म्या लोकांना ठाऊक नाही, पण फुटतं हे सगळ्यांना ठाऊक. या निमित्ताने शब्द परत कामाला लागेल.

कलमदान

भाऊ, व्युत्पत्तीला पैकीच्या पैकी गुण. पण पेव जमिनीखालीच असतं, आणि खणायला तर मनाई. आणि 'अमेरिकेत पेवांचं पेव फुटलंय' असं कुणीतरी लिहिणारच.

सांगलीचा

ते मात्र खरं. शब्द मागे घेतो, पण जड मनाने.

शेंगदाणा

बरं मग 'ठेवा'? ठेवलेला तो ठेवा. पुरलेला नाही, लपवलेला नाही, नुसता ठेवलेला.

आजीचा बटवा

हा बरा आहे हं. पण 'ठेवा'च्या आधी 'अमूल्य' लावल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. सत्काराच्या भाषणातला शब्द झालाय तो. शिवाय अल्मरसाहेबांची अट मराठीत वाच: 'काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा.' पोरं विचारतील, काहीतरी ठेवा म्हणजे कुठला ठेवा?

पायवाट

काकू, हे वाचून मी चहा सांडला.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. आमचा पहिला डबा मोठ्या डग्लस फरच्या मुळाशी होता. अर्धा तास तिघं वाकून शोधत होतो, ब्लॅकबेरीच्या काट्यांनी माझी ओढणी गेली. शेवटी लेकीला दिसलं, की एका जागी काटक्या जरा जास्तच शहाण्यासारख्या, एकीशेजारी एक निजल्यात. झाडावरून पडलेल्या काटक्या अशा रांगेत पडत नाहीत. (इथले जुने खेळाडू याला 'अनैसर्गिक काटक्यांचा ढीग' असंच नाव देऊन बसलेत.) तिने त्या बाजूला केल्या आणि ओरडली, "आई, डबाऽऽ!"

'कॅश' नाही, 'खजिना' नाही. वर्गात इंग्रजीच बोलते ही मुलगी, पण तोंडातून आलं ते डबा. उन्हाळ्यात पुण्याला चुलतभावंडांबरोबर डबा ऐसपैस खेळून आली होती, त्याचा परिणाम असेल.

सांगलीचा

डबा ऐसपैस! त्यातलं 'ऐसपैस' म्हणजे इंग्रजी 'आय स्पाय', असं सांगतात. म्हणजे 'मला दिसलं' हे त्या खेळात आधीपासूनच आहे. पेव हरलं ते मान्य.

कलमदान

डब्याला माझी एक हरकत. मुंबईत 'डबा' म्हणजे जेवण, लोकलचा डबा, आणि स्टेशनवर कोपऱ्यात पडलेला डबा म्हणजे बेवारस वस्तू. तिला हात लावू नका, ताबडतोब पोलिसांना कळवा. तुमचा खेळ तिथे खेळलात तर वहीत सही करण्याआधी बॉम्बशोधक पथक येईल. किल्ल्यांवरही तेच. दगडाखाली हात घालून काहीतरी चाचपणारा माणूस दिसला की गावकऱ्यांना आधी काकूंचे मांत्रिकच आठवणार. आणि त्यांचं चुकतं असंही नाही, खणाखणी करून लोकांनी गडांची पुरेशी वाट लावली आहे.

आजीचा बटवा

हरकत जागेला आहे, शब्दाला नाही. शब्दाचं ऐका. शेजारणीने डब्यातून काही पाठवलं, तर आपण तो डबा रिकामा परत पाठवतो का? चार साखरेचे दाणे तरी घालतोच. 'काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा' हा नियम अल्मरसाहेबांनी २००० साली केला असेल, आमच्या आळीत तो आधीपासून होता. आणि त्या डब्यातून जे येतं-जातं त्याला तयार शब्द आहे, वानोळा. गोटी, नाणं, मोटार, सगळा वानोळाच.

पायवाट

काकू, वानोळा घेतला! इथे त्याला 'स्वॅग' म्हणतात, मला तो शब्द कधीच आवडला नव्हता. शिवाय क्रमांकाचं पत्र्याचं पदक अडकवलेली वस्तू या डब्यातून त्या डब्यात, या देशातून त्या देशात फिरत असते आणि तिच्या प्रवासाची नोंद राहते. तिला फिरता वानोळा म्हणू.

बाकीचे शब्दही सुचवा. डबा सर्वात आधी शोधणारा? सापडलाच नाही तर? आणि आपण शोधत असताना तिथून सहज चाललेले, या खेळाचा गंध नसलेले लोक? त्यांना इंग्रजीत हॅरी पॉटरमधला 'मगल' हाच शब्द वापरतात.

शेंगदाणा

पहिला शोधणारा: पहिलटकर.
सापडला नाही: हुकला.
मगल: येरागबाळा.

आजीचा बटवा

पहिलटकर? अरे, पहिलटकरीण म्हणजे काय ते आईला विचार जाऊन. येरागबाळा मात्र झकास.

शेंगदाणा

विचारलं. शब्द मागे घेतो. 'पहिला मान'?

पायवाट

'पहिला मान' चालेल. क्रियापद मी 'हुडकणे' घेते. 'शोधणे' फार सभ्य आहे, त्यात गुडघ्याला माती लागत नाही.

आता शेवटची अडचण. डब्याची माहिती देताना एक छोटी खूण देतात, पण चुकून आधीच वाचली जाऊ नये म्हणून अक्षरं फिरवून लिहितात. इंग्रजीची सव्वीस अक्षरं, प्रत्येक तेरा घरं पुढे सरकवायचं, की झालं. देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या सांभाळत हे कसं करायचं?

सांगलीचा

ताई, आपली च-ची भाषा विसरलात? पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि सुरुवातीला च लावायचा. 'मला'चं 'चलाम'.

पायवाट

रात्री लेकीला शिकवली, दहा मिनिटांत जमली. आज शाळेतून आल्यावर तिने मागच्या अंगणात स्वतःचा डबा लपवला, झाकणावर चिकटपट्टी लावून, आत आजीने पाठवलेली एक चिक्की. फ्रिजवर चिठ्ठी आहे:

चगडाखालीद

अंगणात सतरा दगड आहेत. चहा घेऊन निघते.