सारखेच कॅन, तरी डाव्या हातातला जड का लागतो?

सोयाबीनवाला, औसा
पाठीवरचा १६ लिटरचा फवारणीचा हातपंप. काल ११ पंप मारले. दांडा डाव्या हातानं, नळी उजव्या हातात. संध्याकाळी बैलांसाठी हौदात दोन कॅन ओतायला उचलले, तर डावा लई जड. बायकोला म्हणलं, यात पाणी जास्त भरलंस. तिनं दोन्ही काट्यावर ठेवले, १०-१० किलो. कॅन अदलाबदल केले तरी जड डाव्यातलाच. दुखत नाही, मुंग्या नाहीत. वडिलांना पक्षाघात झाला होता, म्हणून धास्ती वाटते.

फिजिओथेरपिस्ट, लातूर
दादा, आधी सांगा: फवारणीच्या औषधाची विषबाधा झाल्यासारखं, म्हणजे लाळ, खूप घाम, डोळ्यांपुढं अंधुक, मांस फडफडणं? किंवा पक्षाघातासारखं, तोंड वाकडं, बोलताना अडखळणं? यातलं एक जरी असलं तरी लगेच दवाखाना गाठा.

नसेल तर हा थकवा आहे. स्नायू जिथं हाडाला जोडतो त्या कंडरेत ताण ओळखणारे संवेदक असतात. पण मेंदू स्नायूला किती जोराचा हुकूम सोडतो, तेही आपल्याला जाणवतं. थकलेला स्नायू तेवढ्याच हुकमाला कमी ताण देतो. मग तेच १० किलो उचलायला हुकूम वाढवावा लागतो, आणि वाढलेला हुकूम आपल्याला वजन वाढल्यासारखा लागतो. मॅक्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हेच मांडलं.

फवारणी झाल्यावर करून बघा. डाव्या हातानं काटा दाबून २ किलोवर आणा, मग डोळे मिटून उजव्यानं तेवढाच जोर लावा. आकडा दुसऱ्यानं वाचायचा.

मोंढ्यातला हमाल
२२ वर्षं पोती उचलतो. सकाळचं पोतं आन् संध्याकाळचं, काट्यावर एकच, पाठीवर नाही. पण भाऊ, थकल्या हाताच्या अंदाजावर जाऊ नका. मागं मळणी यंत्राचा नट संध्याकाळी आवळला, वाटलं कच्चून बसला. सकाळी अजून पाऊण आटा फिरला.

फिजिओथेरपिस्ट, लातूर
काका, अगदी तेच. जोर लावल्यासारखा वाटतो, नटापर्यंत कमी पोचतो.

सोयाबीनवाला, औसा
ताई, तुम्ही विचारलं त्यातलं काही नाही. आज ९ पंप मारून लगेच केलं, काटा लेकीनं वाचला. डाव्यानं २ किलो, उजव्यानं 'तेवढाच' म्हणून दाबला तर २ किलो ७००. तीनदा केलं, तिन्ही वेळा जास्तच. काका, तुमचं वाचून पंपाचं झाकण बघितलं. शेवटच्या पंपाला डाव्यानं आवळलेलं, उजव्यानं अजून फिरलं. पाठीवर औषध झिरपतंय ते यामुळंच. उद्यापासून झाकण उजव्यानंच.