मदत हवी आहे : सिएरा नेवाडात खेचरांच्या तांड्यावर हंगामी काम करण्यापूर्वी काय शिकावे?

नमस्कार. मी कॅलिफोर्नियात फ्रेझ्नो येथे राहतो. येत्या उन्हाळ्यात सिएरा नेवाडाच्या पूर्व बाजूला, बिशप गावाच्या आसपासच्या एखाद्या पॅक स्टेशनवर (घोड्या-खेचरांवरून रानात सामान पोहोचवणाऱ्या तळावर) हंगामी कामाला लागण्याचा विचार आहे आणि त्याच्या पूर्वतयारीविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. ग्रीन कार्ड असल्यामुळे कामाच्या परवानगीचा प्रश्न नाही. तेव्हा कृपया चर्चा व्हिसाकडे वळवू नये.

हे काम ज्यांच्या परिचयाचे नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याखालच्या रानात मोटारच काय, साधी सायकलही नेता येत नाही. त्यामुळे पदभ्रमण करणाऱ्यांचा शिधा, पायवाटा दुरुस्त करणाऱ्या तुकड्यांची हत्यारे आणि आतल्या चौक्यांचे सामान यांतले बरेचसे आजही घोड्या-खेचरांच्या पाठीवरूनच जाते. पॅकर स्वतः घोड्यावर बसतो आणि एकामागोमाग एक बांधलेली चार-पाच लादलेली खेचरे घेऊन डोंगर चढतो. बिशप पास ही तिथली खिंडच सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे.

माझे बालपण नेरळला गेले. माथेरानात मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून पुढे सामान वाहणारी घोडी लहानपणापासून पाहत आलो. मामांकडेही घोडी असल्यामुळे खरारा करणे, चंदी देणे, तंग आवळणे, नालबंद आला की घोड्याचा पाय धरून ठेवणे ही कामे अंगवळणी पडलेली आहेत. खेचर मात्र कधी हाताळलेले नाही. ज्या पॅक स्टेशनशी फोनवर बोलणे झाले त्यांनी घोडेस्वारीविषयी जेमतेम एक प्रश्न विचारला आणि उरलेला सारा वेळ दोराच्या गाठी, ओझ्याचा तोल आणि पहाटे उठण्याची तयारी यांविषयीच चौकशी केली, त्यामुळे आपली माथेरानची शिदोरी इथे कितपत पुरेल, अशी शंका येऊ लागली आहे.

तेव्हा हाताशी खेचर नसताना ओझे लादण्याचा सराव घरी कसा करावा, आणि कोणत्या प्रकारच्या खोगिरापासून सुरुवात करावी, हे कोणी सांगू शकेल काय? शिवाय मी शाकाहारी आहे. तळावरच्या जेवणात त्यामुळे कितपत अडचण येते?

प्रतिसाद १

मी मोंटानात राहतो आणि पायवाटा राखणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर काही उन्हाळे हे काम केले आहे. ओझ्याच्या खोगिरांचे डेकर आणि सॉबक असे दोन प्रकार आहेत. आमच्याकडे आणि आयडाहोत डेकर अधिक दिसते. आपल्याला सिएरात जायचे असल्याने सॉबक शिकावे. त्याच्या पाठीवर फुलीच्या आकाराच्या दोन लाकडी जोड्या असतात आणि त्यांना दोन्ही बाजूंनी कंठाळी, म्हणजे सामानाच्या पिशव्या किंवा पेट्या, अडकवतात. एक जुने सॉबक मिळवून अंगणात सुताराच्या लाकडी घोडीवर ठेवा. त्यावर बटाट्यांची पोती, खोकी, ताडपत्री लादून बॉक्स हिच आणि डायमंड हिच या ओझे आवळण्याच्या दोरबांधण्या डोळे मिटून बांधता येईपर्यंत बांधत राहा, कारण पहाटेच्या अंधारात, बोटे गारठलेली असताना, पुस्तकातले चित्र उपयोगी पडत नाही.

गाठींपेक्षाही तोल महत्त्वाचा आहे. एका खेचरावर साधारणपणे ६५ ते ७० किलो ओझे घालतात, आणि दोन्ही कंठाळी काट्यावर तोलून त्यांच्या वजनात शक्य तितका कमी फरक ठेवतात. खेचराच्या मानेच्या बुडाशी घोड्यासारखा ठळक उंचवटा नसतो. त्यामुळे एक बाजू जड झाली की खोगीर तिकडे कलते, पाठ सोलवटते आणि ते जनावर पुढे बरेच दिवस कामातून जाते. वाटेत ओझे कलताना दिसले की अनुभवी पॅकर उतरून एखादा दगड उचलतो आणि हलक्या बाजूवर ठेवतो. दिसायला हे ओबडधोबड वाटते, पण पुढच्या मुक्कामापर्यंत निभावून नेते. भांडी कापडात गुंडाळूनच भरा, कारण त्यांच्या खणखणाटाने तांडा बुजतो. निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून प्रत्येक तंग पुन्हा आवळावा लागतो. हे मात्र आपल्याला सांगायला नको.

माथेरानात बहुधा न पाहिलेली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुढच्या खेचराच्या खोगिराला मागे बारीक सुती किंवा तागाच्या दोरीचा एक फास असतो, त्याला पिगटेल म्हणतात, आणि मागच्या खेचराचा कासरा त्यातच बांधतात. एखादे खेचर कड्यावरून घसरले तर तो फास तुटावा आणि बाकीची वाचावीत, एवढ्यासाठीच तो कच्चा ठेवलेला असतो. तिथे कोणी हौसेने नायलॉनचा दोर लावलेला दिसला, तर त्या तांड्याबरोबर जाऊ नका.

खेचर घोड्यासारखे घाबरून उधळत नाही. जिथे धोका वाटेल तिथे ते सरळ थांबते. अशा वेळी मारहाण न करता आधी त्याच्या पायांखालची जमीन पाहावी. खेचरांना घोडीचा फार लळा असतो, म्हणून घोडीच्या गळ्यात घंटा बांधून सगळ्यांना रात्री चरायला सोडण्याची जुनी पद्धत आहे. मग पहाटे त्या आवाजाच्या मागे कुरण धुंडाळत जावे लागते. लवकर उठण्याविषयी आपल्याला विचारले ते याचसाठी असावे.

बॅक कंट्री हॉर्समेन या स्वयंसेवी संघटनेच्या कॅलिफोर्नियातही शाखा आहेत. त्यांच्याबरोबर काम केल्यास शिकायला मिळेल. मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत बिशपला म्यूल डेज हा खेचरांचा मेळा भरतो. ओझी लादण्याच्या स्पर्धा तिथे जवळून पाहता येतात आणि पॅक स्टेशनवाल्यांचीही गाठ पडते. जेवणाचे म्हणाल तर स्वयंपाक्याला आधी सांगावे; घेवड्याच्या बिया, भात, बटाटे मिळतात, पण चवीची हमी मी देत नाही.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आणखी एकच विचारतो. माझी उंची पाच फूट चार इंच आहे. तीस किलोची कंठाळ एकट्याने खांद्याच्या वर उचलून अडकवणे मला जमेल काय?

प्रतिसाद १

जमेल. जमीन उताराची असेल तर खेचर खालच्या बाजूला उभे करून आपण वरच्या बाजूने लादावे, म्हणजे उंची तेवढीच कमी होते. दुसरी बाजू भरताना त्याला फिरवून घ्यावे. कंठाळ आधी मांडीवर घ्यावी आणि तिथून एका झटक्यात वर न्यावी, नुसत्या हातांनी उचलू नये. दोघे असाल तर दोन्ही बाजू एकाच वेळी अडकवाव्यात. एकटे असाल तर तंग नीट आवळलेला आहे याची खात्री करून दुसरी कंठाळ पहिलीच्या पाठोपाठ चढवावी. मध्ये पाणी प्यायलासुद्धा थांबू नये, कारण एका बाजूचे ओझे घेऊन उभ्या असलेल्या खेचराने अंग झटकले की खोगीर थेट त्याच्या पोटाखाली येते.