मॉन्टिचेलोला मुलांना न्यावं का?

मीनल: अनघाताई, पुढच्या शनिवार-रविवारी आम्ही व्हर्जिनियात येतोय. मॉन्टिचेलोला मुलांना नेऊ का? ईशान दहाचा, सई पाचची. हे म्हणतायत, जुनं घर बघून पोरं कंटाळतील.

अनघाताई: अगं ने की! आत शिरल्याबरोबर मोठं घड्याळ आहे, तोफगोळ्यांच्या वजनांवर चालणारं. वजनं खाली सरकतात तसा भिंतीवर लिहिलेला वार कळतो. दोर लांब पडला म्हणून जमिनीला भोक पाडलंय आणि शनिवार तळघरात गेलाय. आमची आर्या तो शोधायला धावली.

राजूकाका: अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफरसन, त्याचंच घर ना? १७६९ ला बांधायला घेतलेलं. पाच सेंटच्या नाण्यावर १९३८ मध्ये आलं.

अनघाताई: हो काका. मीनल, ते नाणं पोरांच्या हातात दे, घुमट जुळवून बघतील. पण तेवढ्यावर परत फिरू नका. शेजारीच मलबेरी रो आहे. गुलाम केलेली माणसं तिथं राहायची, राबायची. गाइड नुसतं 'गुलाम' म्हणत नाहीत, मलाही आता तेच पटतं. जेफरसनने आयुष्यभरात अशी सहाशेहून जास्त माणसं बाळगली. १७९४ मध्ये खिळ्यांचा कारखाना काढला, कामाला १० ते १६ वर्षांची मुलं. कुणी किती खिळे केले, किती लोखंड वाया घालवलं, सगळं तो स्वतः लिहून ठेवायचा.

मीनल: म्हणजे ईशानएवढी पोरं. कसं सांगू गं त्याला?

आजी: सरळ सांग. अर्धवट सांगितलंस तर रात्री झोपताना विचारत बसेल.

अनघाताई: आजी म्हणते तेच. आमच्या ओमने विचारलंच, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान' हे १७७६ ला यानेच लिहिलं ना? म्हटलं, हो, लिहिलं आणि तसं वागला नाही. तो वारल्यावर कर्ज फेडायला जानेवारी १८२७ मध्ये १३० माणसांचा लिलाव झाला, हेही सांगितलं. सॅली हेमिंग्ज म्हणजे त्याने गुलाम म्हणून बाळगलेली बाई, तिला त्याच्यापासून मुलं झाली; तिच्या खोलीत मात्र सईसमोर बेतानं बोल.

राजूकाका: चालणं खूप आहे का?

अनघाताई: वर जायला बस आहे. उतरताना पायवाटेने या. खाली पार्किंगपाशी गुलाम केलेल्यांची दफनभूमी आहे, तिथं थांबाच. नुसते दगड, नावं नाहीत. ओम दोन-दोनदा फिरून बघत होता, कुणाचं तरी नाव सापडतंय का.

मीनल: सकाळची तिकिटं काढते. ईशानला आजच सांगायला घेते.