रिसेप्टर खरंच कमी झाले, की जुन्या इन्सुलिनने अडवलेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एका प्रयोगात महिनाभर अडकले आहे. हेप-जी-२ पेशी (मानवी यकृताच्या कर्करोगातून वाढवलेल्या) १८ तास १०० नॅनोमोलर इन्सुलिनमध्ये ठेवते, मग धुऊन ४ अंश सेल्सिअसला किरणोत्सर्गी आयोडीन-१२५ लावलेलं इन्सुलिन रिसेप्टरना (पेशीवरच्या, इन्सुलिन पकडणाऱ्या प्रथिनांना) किती चिकटतं ते मोजते. कंट्रोलच्या (आधी इन्सुलिन न दिलेल्या पेशींच्या) तुलनेत बाइंडिंग, म्हणजे हे चिकटणं, जवळजवळ निम्म्यावर येतं.

जास्त वेळ इन्सुलिन मिळालं की रिसेप्टरची संख्या घटते, हे लिम्फोसाइटवर (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवर) १९७४ सालीच दाखवलं गेलंय. पण माझ्या पेशींत तेच होतंय का? आधीचं इन्सुलिन रिसेप्टरवर चिकटून राहिलं असेल, तरी आकडा असाच पडेल ना!

ते काढायला पीएच ४ च्या बफरने पाच मिनिटं धुतलं, तर कंट्रोलचंही बाइंडिंग घसरलं आणि डिशच्या कडेला पेशींचा पांढरट पापुद्रा सुटून आला. पेशी न दुखावता हे कसं करता? पीएच थोडा वाढवू, की ३७ अंशांवर इन्सुलिनविना मीडियात जास्त वेळ ठेवू? पण तेवढ्यात पेशीच्या आत गेलेले रिसेप्टर पृष्ठभागावर परत आले तर?

स्कॅचर्ड आलेखही (बाइंडिंगवरून रिसेप्टरची संख्या आणि आकर्षण काढायचा) वाकडाच येतो, त्यामुळे संख्या घटली की आकर्षण, ठरवता येत नाही. पृष्ठभागावरच्या प्रथिनांना बायोटिनची खूण लावून वेस्टर्न ब्लॉट (ठरावीक प्रथिन ओळखून मोजायची चाचणी) केलेलं कुणी आहे का? कृपया सविस्तर सांगा.